सुधारणा बांधावरच कां थांबली?

भीमा नदी ही शिरूर व दौंड या दोन तालुक्यांमधील सीमा. मुळा-मुठा रांजणगांव सांडसाजवळ तिला येऊन मिळते. या दोन नद्यांच्या बेचक्यांत राहू व भोंवतालचीं गांवें वसलीं असून त्या मुलुखास लोक राहू बेट म्हणतात. पुणें जिल्ह्याच्या पूर्व भागाचें नांव काढतांच अवर्षणाची आठवण व्हावी, अशी त्या भागाची ख्याति; परंतु बेटांत पाऊल टाकावें तों दोहों बाजूंस ऊंस, आणि हंगाम असेल तर गुऱ्हाळांचा धूर. हें वैभव कोणीं दान दिलेलें नाहीं. नदीचें पाणी, शेतकऱ्याचा घाम आणि शेतकी शास्त्राचें साहाय्य या तिहींच्या योगानें तें उभें राहिलें आहे. पाडेगांवचें ऊंस संशोधन केंद्र १९३२ सालीं स्थापन झालें. तेथून १९९६ सालीं प्रसारित झालेली 'को ८६०३२' ही जात आज उसाच्या पट्ट्यांत शाळकरी पोरासही तोंडपाठ आहे. शेतकरी अडाणी आहे, तो नवें कांहीं घेत नाहीं, असा आक्षेप घेणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणतें असूं शकेल?

परंतु याच घरांत आम्ही दुसरा एक प्रश्न विचारूं इच्छितों. ज्या कर्त्या पुरुषास उसाच्या जातीचा आंकडा, खताच्या गोणींचा आंकडा आणि टनाचा भाव विचारतांक्षणीं सांगतां येतो, त्यास आपल्या सुनेच्या रक्तांतील हिमोग्लोबिनचा आंकडा ठाऊक आहे काय? गरोदर नसलेल्या बाईच्या रक्तांत तो १२ च्या खालीं आणि गरोदर बाईच्या रक्तांत ११ च्या खालीं गेला, म्हणजे रक्तक्षय झाला असें समजावें, ही साधी गोष्ट किती घरांत माहीत आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी काय सांगते तें पाहा. महाराष्ट्रांत १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांपैकीं २०१५-१६ सालीं शेंकडा ४८ स्त्रिया रक्तक्षयानें ग्रासलेल्या होत्या. २०१९-२१ च्या पाहणींत हें प्रमाण शेंकडा ५४.२ झालें. सहा महिने ते पांच वर्षें वयाच्या बालकांत तें ५३.८ वरून ६८.९ वर चढलें. पांच वर्षांखालील मुलांपैकीं शेंकडा ३५.२ मुलें वयाच्या मानानें खुंटलेलीं, म्हणजे दर तिघांत एकाहून अधिक. हे आंकडे वाचून 'ही मेळघाटची अगर नंदुरबारची गोष्ट, आमची नव्हे' असें म्हणण्याची आपल्या बागायती गांवांना संवय आहे. पण जो रोग राज्यांतील निम्म्याहून अधिक स्त्रियांस आहे, तो डोंगरांतच राहतो आणि उसाच्या फडाला वळसा घालून जातो, हें कोणत्या शास्त्रांत सांगितलें आहे?

दारिद्र्य हें या रोगाचें मोठें कारण आहे, याविषयीं वाद नाहीं. तथापि सधन कुटुंबांतील स्त्रियांतही रक्तक्षय मोठ्या प्रमाणावर आढळतो, त्या अर्थीं केवळ पैसा हें त्याचें औषध नव्हे. आमच्या बागायती घराचा व्यवहार कसा चालतो तो पाहा. ऊंस कारखान्यास अगर गुऱ्हाळास जातो. कांदा बाजारांत जातो. दूध पहांटेच डेअरीच्या कॅनमध्यें जातें. पुणें-सोलापूर रस्त्यावरील उरुळीकांचन येथें महात्मा गांधींनीं १९४६ सालीं निसर्गोपचाराचें कार्य सुरू केलें, आणि तेथेंच मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं 'बायफ' ही संस्था स्थापून संकरित गाईंच्या द्वारें दुधाचा धंदा खेड्यापाड्यांत नेला. दूध वाढलें, हें निर्विवाद. परंतु त्या वाढलेल्या दुधापैकीं घरच्या मुलाच्या वाट्यास पुष्कळदां चहापुरतेंच येतें. बाजरी, तूर, मटकी, हुलगा हीं पिकें उसाला जागा देऊन निघून गेलीं. धान्य दुकानांतून घरीं परत आलें खरें, पण येतांना डाळ आणि भाजी वाटेंत ठेवून आलें. पाथरी, तांदुळजा, घोळ, चिवळ या भाज्या कोणी पेरीत नसे. खुरपणीस गेलेल्या बाईच्या ओट्यांत त्या आपोआप येत. आतां तणनाशकाच्या फवाऱ्याखालीं त्याही गेल्या. 'गूळ खा म्हणजे रक्त वाढेल' असें सांगून आम्ही मनाचें समाधान करितों. गुळांत लोह आहे. पण मनुष्य जितका गूळ खातो तितक्यानें क्षीण झालेलें रक्त भरून निघत नाहीं, आणि जेवणाबरोबर चहा घेतला तर अन्नांतील लोहही नीट अंगीं लागत नाहीं.

यांत आणखी एका रूढीची भर घाला. आधीं पुरुषांची पंगत, मग मुलांची, आणि शेवटीं तव्यावर उरेल तें बाईचें. सासूनें असेंच केलें, म्हणून सुनेनेंही असेंच करावें, आणि गरोदरपणांत अधिक खाल्लें तर मूल मोठें होऊन बाळंतपण अवघड जाईल अशी भीतीही वर घालावी! ज्या घरांत गाभण गाईला जादा पेंड चुकत नाहीं, त्या घरांत गरोदर सुनेला जादा वाटी डाळ मिळूं नये, याला अज्ञान म्हणावें कीं अन्याय म्हणावें, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

शेतकी विद्या गांवांत नेण्याचे प्रयत्न या जिल्ह्यास नवे नाहींत, आणि त्यांतील जे उत्तम होते त्यांनीं शेत व चूल हीं वेगळीं मानलीं नाहींत. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हां शेतीच्या दैन्याबरोबरच शेतकऱ्याच्या घराचें व जेवणाचें दैन्यही त्यांनीं उघडें करून दाखविलें. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं १९१७ सालीं पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी प्रसिद्ध केली, आणि १९२१ सालीं कानिटकर यांच्यासह दुसरी पाहणी प्रसिद्ध केली, ती भीमेच्या पलीकडील शिरूर तालुक्यांतल्या जातेगांव बुद्रुकची. घरोघर जमीन, कर्ज, मिळकत व खर्च यांची विचारपूस करून मगच त्यांनीं आपला निष्कर्ष मांडला, कीं बहुसंख्य कुटुंबांचें नुसत्या जमिनीवर धड भागत नाहीं. उपदेश करण्यापूर्वीं समोरच्या माणसाची चूल कशी पेटते हें विचारावें, हा धडा या जिल्ह्यानें शंभर वर्षांपूर्वींच गिरविला होता.

स्वातंत्र्यानंतर २ ऑक्टोबर १९५२ रोजीं सामूहिक विकास योजना आणि बरोबर एका वर्षानें, २ ऑक्टोबर १९५३ रोजीं, राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली. तिचा ग्रामसेवक शेती, आरोग्य, शिक्षण अशा सर्व विषयांचा एकच दूत होता. एका माणसावर इतका भार टाकल्यानें कोणतेंच काम पुरतें होईना, अशी तक्रार निघाली व ती खोटीही नव्हती. मग १९७४ पासून देशांत 'प्रशिक्षण आणि भेट' ही पद्धत आली आणि शेतकी सेवक इतर कामांतून सुटून केवळ शेतीपुरता राहिला. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू होऊन अंगणवाडी उघडली. दोन्ही गोष्टी आपापल्या जागीं उपकारक होत्या. परंतु एकाच सुमारास शेताचा कारभार एका खात्याकडे आणि पोटाचा कारभार दुसऱ्या खात्याकडे गेला, तो आजतागायत तसाच आहे. एक सेवक बांधावर उभा राहून पुरुषाशीं बोलतो. एक ताई अंगणांत बसून बाईशीं बोलते. आणि या दोघांनीं एकमेकांशीं बोलावें अशी तजवीज कोणींच केली नाहीं. तो म्हणतो, उसाचें टनेज वाढवा. ती म्हणते, हिरव्या पालेभाज्या व डाळी खा. पण त्या कोठें पेरावयाच्या, कोणत्या जमिनींत, कोणाच्या परवानगीनें, याचें उत्तर बांधावरच्या सेवकापाशीं आहे, आणि तो प्रश्न त्यास विचारण्याची संधि बाईला मिळत नाहीं. आमची सुधारणा बांधावर थांबली ती अशी.

लोकांत शिकण्याची इच्छा नाहीं, असें मात्र कोणीं म्हणूं नये. १९५६ सालीं पुणें आकाशवाणीनें युनेस्कोच्या साहाय्यानें ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. मुंबई राज्याच्या पांच जिल्ह्यांतील १५० खेड्यांत मंडळें स्थापन झालीं. आठवड्यांतून दोनदां कार्यक्रम ऐकावा, त्यावर आपसांत चर्चा करावी, आणि ठरेल तें करून पाहावें, असा त्यांचा क्रम. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीनें पॉल न्यूरॅथ यांनीं त्याचें मूल्यमापन केलें, तेव्हां असें आढळलें कीं, जेथें मंडळ होतें तेथें लोकांचें ज्ञान ठळकपणें वाढलें. नुसता रेडिओ असून मंडळ नव्हतें तेथें तशी वाढ झाली नाहीं. याचें मर्म उघड आहे. ज्ञान केवळ कानांवर घालून भागत नाहीं; ऐकणाऱ्यांना बसून उलट प्रश्न विचारतां आले पाहिजेत. आज भिंतीवरचीं घोषवाक्यें, मोबाईलवरील संदेश आणि सप्टेंबरांतील पोषण महिन्याच्या प्रभातफेऱ्या यांची वाण नाहीं. वाण आहे ती त्या चर्चेची.

आणि चर्चेला बोलवावें कोणाला? शेतकऱ्यांच्या मेळाव्याची यादी होते ती सातबारावरून. २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणें देशांतील वहितीदारांत स्त्रियांचें प्रमाण सुमारें शेंकडा १४ होतें. म्हणजे लागणीपासून खुरपणीपर्यंत जी राबते ती कागदावर शेतकरीच नव्हे, आणि जी शेतकरी नव्हे तिला मेळाव्याचें बोलावणें कसलें! शेतकरी संघटनेनें या अन्यायावर १९८९ च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती'ची चळवळ उभारून पुरुषांना बायकांच्या नांवें जमीन करण्यास प्रवृत्त केलें. आणि १९९१ सालीं शेगांवच्या मेळाव्यांत 'चतुरंग शेती' मांडतांना सीताशेती व माजघरशेती यांना त्यांत मानाचें स्थान दिलें. बाजारासाठीं झगडणाऱ्या संघटनेलाही घरची शेती विसरतां आली नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. सरकारच्या 'आत्मा' योजनेच्या नियमांतही स्त्री-शेतकऱ्यांसाठीं किमान ३० टक्के साधनें खर्चावींत असें लिहिलेलें आहे. नियम चांगला आहे; तो गांवांत दिसावा एवढीच आमची विनंति.

उपाय नाहींत असेंही नाहीं. राहुरीचें महात्मा फुले कृषी विद्यापीठ व 'इक्रिसॅट' यांच्या प्रयत्नांतून २०१२ सालीं 'धनशक्ती' नांवाची अधिक लोहाची बाजरी महाराष्ट्रांत प्रसारित झाली. अशा लोहयुक्त बाजरीची भाकरी महाराष्ट्रांतील माध्यमिक शाळांतल्या मुलामुलींना कांहीं महिने देऊन पाहिली असतां, ज्यांना लोहाची कमतरता होती त्यांची ती भरून निघण्याचा संभव साध्या बाजरीच्या मानानें दीडपटीहून अधिक दिसला. हा निष्कर्ष २०१५ सालीं प्रसिद्ध झाला आहे. मराठवाड्यांत 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनें स्त्रियांना घरच्या जमिनीपैकीं अर्धा-एक एकर स्वतःच्या विचारानें कसण्यास मागून घ्या असें शिकविलें. त्या तुकड्यांत त्यांनीं धान्य, डाळी व भाजीपाला घेतला, आणि २०१६ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानें त्या कामाचा गौरव केला. वर्धा जिल्ह्यांत स्वामीनाथन प्रतिष्ठाननेंही पीक व पोषण यांची सांगड घालण्याचा प्रयोग गांवकऱ्यांबरोबर केला. जें उस्मानाबादच्या कोरड्या रानांत साधलें, तें भीमेच्या पाण्यावर साधूं नये काय?

येथें कोणी म्हणेल, फायद्याचा ऊंस मोडून शेतकऱ्यानें मेथी लावावी काय? आमचें तसें म्हणणें नाहीं. एक एकर म्हणजे ४० गुंठे. पांच एकरांच्या धन्यानें दहा गुंठे चुलीसाठीं राखले तर २०० पैकीं १९० गुंठे त्याच्या हातीं राहतातच. तेवढेंही जड वाटेल त्यानें उसाच्या सरींकडे पाहावें. लागणीनंतरचे पहिले तीन-चार महिने ऊंस सावकाश वाढतो आणि मधली जागा मोकळी असते. आडसालींत चवळी, भुईमूग, पूर्वहंगामींत हरभरा, सुरूंत मेथी, कोथिंबीर अशीं आंतरपिकें घेतां येतात. बांधावर दोन शेवगे व एक लिंबू लावण्यास कोणतेंही क्षेत्र खर्ची पडत नाहीं. आणि लिंबाच्या फोडीनें भाजी-भाकरींतील लोह अधिक अंगीं लागतें.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. पहांटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या बाईवर परसबागेचें आणखी एक ओझें लादणें ही कसली सुधारणा? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणूनच आमचें सांगणें असें कीं, हे दहा गुंठे बाईच्या विचारानें कसले जावेत, पण तेथें पाणी देण्याची पाळी पुरुषाची असावी. उसाला पाणी धरण्यास जो रात्रीं उठतो, त्यानें आठवड्यांतून दोनदां घरच्या भाजीकडे पाट वळविला तर त्याच्या पुरुषार्थास बाध येणार नाहीं. तिसरे कोणी म्हणतील, सरकारनें आमच्या ताटांत डोकावूं नये. ठीक आहे; मग आपण स्वतः डोकावा. कोणींतरी डोकावलें पाहिजे.

आतां करावें काय, तें थोडक्यांत सांगतों. नवी योजना, नवें खातें, नवी इमारत यांपैकीं कशाचीही आम्ही मागणी करीत नाहीं. अंगणवाडींत दरमहा ग्राम आरोग्य व पोषण दिन असतो. मुलांचीं वजनें होतात, गरोदर स्त्रियांची तपासणी होते. त्या दिवशीं कृषी खात्याच्या गांवपातळीवरील सेवकासाठीं एक खुर्ची जादा मांडावी आणि त्यानें तेथें येणें हा त्याच्या कामाचा भाग ठरवावा. हातांत बियाण्याच्या पुड्या घेऊन त्यानें बायकांचे प्रश्न ऐकावे, आणि अंगणवाडीच्या ताईनें शेतकरी मेळाव्यांत उभें राहून पुरुषांना त्यांच्या मुलांचीं वजनें सांगावीं. पुणें जिल्ह्यांत बारामती व नारायणगांव येथें कृषी विज्ञान केंद्रें आहेत. त्यांच्या शिवारफेऱ्या ऊंस, द्राक्ष व कांदा यांइतक्याच अगत्यानें परसबागेंतही नेण्यांत याव्या. सभेची वेळ बाईच्या सोयीची असावी. देवळाच्या ओसरीवर पुरुष पुढें व बायका खांबामागें, अशी सभा भरवून 'स्त्रियांचा प्रतिसाद मिळाला नाहीं' असा शेरा कोणीं मारूं नये. ग्रामसभेंत दर तीन महिन्यांनीं, कोणाचें नांव न घेतां, गांवांत किती मुलें कमी वजनाचीं आणि किती स्त्रियांचें रक्त कमी, हे दोन आंकडे मोठ्यानें वाचून दाखवावे. टनाच्या भावावर जेथें तासन् तास चर्चा होते, तेथें या दोन आंकड्यांना पांच मिनिटें मिळणें अशक्य नाहीं.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. राहू बेटांतील असो वा भीमेच्या पलीकडील असो, हा ऊंस जे तोडतात त्यांची गणना कोणत्या गांवांत करावयाची? दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात, पाचटाच्या खोपी पडतात आणि पांच-सहा महिन्यांनीं उठतात. त्यांच्या मुलांचें नांव मूळ गांवच्या अंगणवाडींत असतें आणि पोट येथें असतें. ज्यांच्या कोयत्यावर आमचा हंगाम उभा आहे, त्यांच्या खोपीपर्यंत जर आमची ताई व आमचा सेवक पोंचणार नसेल, तर आमची सुधारणा बांधावरूनही मागें सरली असें म्हणावें लागेल. खोपी ज्या शिवारांत, त्या गांवच्या अंगणवाडीनें त्या मुलांस हंगामभर आपलींच मानावें, असा ठराव ग्रामसभेनें करावा.

सरकारनें करावयाचें तें सांगितलें. आतां घरच्या कर्त्या माणसास दोन शब्द. आपण मोठे कष्टाळू आहांत. पानावर तांबेरा दिसला तर तालुक्याला धांव घेतां, माती तपासून आणतां, नव्या जातीचें बेणें चार गांवें पालथीं घालून मिळवितां. हीच जिज्ञासा एक दिवस उंबरठ्याच्या आंत वळवा. येत्या पोषण दिनीं सुनेला व लेकीला अंगणवाडींत स्वतः घेऊन जा, रक्ताचा आंकडा विचारा, आणि ज्या वहींत उसाचीं टनें लिहितां त्याच वहींत तो लिहून ठेवा. त्या संध्याकाळीं सर्वांनीं एकत्र जेवावयास बसा. सहा महिन्यांनीं पुन्हां विचारा. तो आंकडा वाढला तर समजा, कीं या वर्षीं शेत खरोखर पिकलें.